हूडच्या मागच्या कमानीवरची बीडिंग : माझा अनुभव

जुन्या गाडीचं हूड, म्हणजे घडी होणारं रेग्झिनचं छप्पर, गळतं, तेव्हा लोक रेग्झिनला दोष देतात. पाणी बहुतेक वेळा शिरतं ते मागच्या कमानीवरच्या (छपराला आधार देणाऱ्या आडव्या दांड्यावरच्या) पिनांच्या, म्हणजे स्टेपलच्या, रांगेतून.

आधी कमानीतली, पिना जिच्यात मारतात ती पट्टी आरीनं टोचून पाहा. आरी भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी आत गेली तर पट्टी बदला, तिच्यात पिना टिकत नाहीत. पिना 10 मिमीच्या, स्टेनलेसच्याच घ्या. साध्या पिना एका पावसाळ्यात गंजतात आणि रेग्झिनवर तांबूस डाग उतरतात.

रेग्झिन सकाळी, सावलीत ताणा. चंद्रपूर-यवतमाळकडे मे महिन्यात दुपारी ते इतकं सैल पडतं की हात आपसूक जास्त ओढतो. मग डिसेंबरात हूड पुढच्या काचेच्या चौकटीपर्यंत पोचतच नाही.

पिनांवर सिलिकॉनची बारीक रेघ द्या. आंबट वासाचं नको, त्यानं लोखंड गंजतं.

आता पिनांची रांग झाकणारी, मधोमध चीर असलेली बीडिंग. कमानीचा मध्य खडूनं आखा, तिथून दोन्हीकडे निघा. चीर उघडून दर 2-3 सेंमीवर आत पिन मारा, मग रबरी हातोडीनं हलकेच मिटवा. बीडिंग ओढायची नाही, नुसती ठेवत जायची. ओढलेली बीडिंग पुढे आकसते, टोकं उघडी पडतात. टोकाला 1 सेंमी जास्त ठेवून आतला भराव कापा, कातडी खाली दुमडा आणि वर धातूची टोपी स्क्रूनं बसवा. स्क्रूच्या भोकातही सिलिकॉनचा थेंब हवा. कुशनवाले नेमकं हेच विसरतात.