फराळाचा पहिला डबा मुलांच्या हातून

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना ‘चांगलं वागा’ एवढंच सांगून फारसं काही होत नाही. त्यांना एक ठरलेलं काम द्या. आमच्याकडे चकल्यांचा पहिला घाणा निघाला की मुलं डबे भरायला बसतात: वॉचमनकाका, कचरा नेणाऱ्या मावशी, दूधवाले दादा. देवाला नैवेद्य दाखवला की पुढचे डबे यांचे, भाऊबीजेनंतर उरलंसुरलं नव्हे. हा क्रम मुलांच्या बरोबर लक्षात राहतो.

डबा भरण्याआधी मुलांनी त्या माणसाचं नाव विचारून यावं. गोड चालतं का, हेही विचारावं. मधुमेह असेल तर लाडवाऐवजी चिवडा. खरा विचार इथे करावा लागतो, म्हणून ही पायरी अजिबात गाळू नका. द्यायला मुलांनाच पाठवा. तुम्ही दोन पावलं मागे राहा आणि फोटो काढू नका. समोरच्याला अवघडल्यासारखं होतं.

ठाण्यात राहत असाल तर अजून एक. नरक चतुर्दशीच्या पहाटे राम मारुती रोड आणि तलावपाळीला तरुणाईची तोबा गर्दी होते, आणि त्यानंतरचा कचरा सफाई कामगारांना सणाच्या दिवशी उचलावा लागतो. तिकडे जाताना मुलांच्या खिशात एक कापडी पिशवी द्या. आपले कागद, बाटल्या तिच्यात भरून घरी आणायच्या.

लाजरं मूल असेल तर जबरदस्ती नको. त्याला डब्यावर नाव लिहू द्या, कंदील रंगवू द्या. पुढच्या वर्षी ते आपणहून जिना उतरेल.