अमेरिकेत मास्टर्स करून नर्स व्हायचंय? या चुका टाळा

बी.कॉम., इंजिनिअरिंग किंवा बायोटेक करून अमेरिकेत गेलेल्या, तिशीत पोहोचलेल्या मराठी मुली नर्सिंगची चौकशी करताना दिसतात. त्यांच्यासाठी तिथे वाट आहे. पदवी दुसऱ्या विषयाची असली तरी नर्सिंगच्या मास्टर्सला थेट प्रवेश मिळू शकतो. येल विद्यापीठाने असा अभ्यासक्रम १९७४ मध्ये सुरू केला. आज कोलंबिया, जॉन्स हॉपकिन्स अशा अनेक ठिकाणी तो आहे. भारतात अशी सोय नाही. इथे एम.एस्सी. नर्सिंगला आधी नर्सिंगचीच पदवी आणि कामाचा अनुभव लागतो. त्यामुळे हा प्रकार आपल्या घरांमध्ये फारसा कुणाला माहीत नसतो आणि चुकीच्या समजुतीवर मोठे निर्णय घेतले जातात.

मास्टर्स म्हणजे वरची जागा, असं समजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. थेट प्रवेशाचं मास्टर्स, म्हणजे एन्ट्री-लेव्हल एमएसएन (मास्टर ऑफ सायन्स इन नर्सिंग), बहुतेक ठिकाणी तुम्हाला नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे पेशंट तपासून निदान करणारी आणि औषधं लिहून देणारी नर्स, बनवत नाही. ते तुम्हाला रजिस्टर्ड नर्स (आरएन) बनवतं. त्यासाठीची एनक्लेक्स-आरएन ही परवान्याची परीक्षा दोन वर्षांची असोसिएट डिग्री घेतलेली मुलगीही देते आणि तुम्हीही देता. पास झाल्यावर दोघीही वॉर्डात नवख्याच. अनुभवी नर्सच्या हाताखाली काही आठवडे किंवा महिने शिकायचं, नाइट ड्यूटी करायची, पेशंटचं अंथरूण बदलायचं, बेडपॅन द्यायचं. हे काम कमीपणाचं वाटत असेल तर फी भरण्याआधीच थांबा. पेशंटजवळच्या या कामातूनच नर्सची नजर तयार होते, असं मला मनापासून वाटतं.

नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं तर फॅमिली, सायकियाट्री अशा एखाद्या शाखेचं स्वतंत्र शिक्षण आणि त्यानंतरची राष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षा लागते. येलसारखे काही अभ्यासक्रम दोन्ही टप्पे जोडून देतात, पण त्याला साधारण तीन वर्षं जातात. म्हणून कॉलेजला नेमका प्रश्न विचारा: ‘हा कोर्स संपल्यावर मी कोणकोणत्या परीक्षांना बसू शकेन?’ उत्तर लेखी घ्या.

नुसतं पेशंटजवळचं (बेडसाइड) काम करायचं असेल तर दुसऱ्या पदवीचं अ‍ॅक्सिलरेटेड बीएसएन, म्हणजे कमी वेळात होणारी नर्सिंगची बॅचलर पदवी, हेही पाहा. ते साधारण बारा ते अठरा महिन्यांत होतं आणि पुष्कळदा स्वस्त पडतं. पुढे शिकवायचं असेल, डॉक्टरेट करायची असेल तर मास्टर्सला अर्थ आहे.

जुन्या मार्कशीटवर विसंबणं

अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी, स्टॅटिस्टिक्स, मानवी वाढीचं मानसशास्त्र, बऱ्याच ठिकाणी केमिस्ट्री आणि न्यूट्रिशन. हे विषय प्रवेशापूर्वीच पूर्ण असावे लागतात. विज्ञानाचे विषय पाच-सात वर्षांपेक्षा जुने असतील तर अनेक कॉलेजं ते धरत नाहीत. आपल्या मार्कशीटवर प्रॅक्टिकल वेगळं दिसत नसेल तर लॅब केलीच नाही असा अर्थ निघू शकतो. त्यामुळे भारतीय पदवीचं साधं मूल्यांकन नको, विषयवार करून घ्या आणि विद्यापीठाकडून शिक्क्यानिशी अभ्यासक्रमाची प्रत मागवायला लवकर सुरुवात करा. तीन वर्षांची बी.एस्सी. किंवा बी.कॉम. काही कॉलेजं अमेरिकन पदवीच्या बरोबरीची मानतात, काही मानत नाहीत. हे अर्जाच्या आधी विचारा.

विषय बाद झालेच तर जवळच्या कम्युनिटी कॉलेजमध्ये पुन्हा करा. ऑनलाइन लॅब चालते का, हे मात्र तुम्ही अर्ज करणार आहात त्या प्रत्येक ठिकाणी तपासा.

मान्यता न पाहणं

राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मंजुरी आणि सीसीएनई किंवा एसीईएनसारख्या, नर्सिंगचे अभ्यासक्रम तपासणाऱ्या संस्थेची मान्यता, दोन्ही हवं. बोर्डाच्या संकेतस्थळावर कॉलेजचा एनक्लेक्सचा निकाल बहुधा मिळतो. माहितीपत्रकापेक्षा तो आधी वाचा.

व्हिसाचा विचार शेवटी करणं

एच-४ वर, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, शिकता येतं, पण नोकरी करता येत नाही. त्यासाठी वर्क परमिट लागतं आणि ते मुख्यतः जोडीदाराचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर असेल तर मिळतं. ‘हॉस्पिटल एच-१बी करेल’ या भरवशावर राहू नका. साध्या आरएन पदासाठी बॅचलर पदवी अनिवार्य मानली जात नाही, त्यामुळे ते पद सहसा त्या व्हिसात बसत नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर शिक्षणानंतर १२ महिन्यांचं ओपीटी (शिकलेल्या विषयात काम करायची तात्पुरती परवानगी) मिळतं, स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) शाखांना मिळणारी २४ महिन्यांची वाढ नर्सिंगला नाही. नर्सच्या ग्रीन कार्डला लेबर सर्टिफिकेशनची (त्या कामाला अमेरिकेत माणूस मिळत नाही हे दाखवण्याची) पायरी लागत नाही हे खरं, पण भारतात जन्मलेल्यांची ईबी-३ या नोकरीवर आधारित ग्रीन कार्डच्या गटाची रांग अनेक वर्षांची आहे. शिवाय नोकरीच्या आधारे ग्रीन कार्ड मागताना, अमेरिकेतच शिकलेल्या परदेशी नर्सलाही व्हिसास्क्रीन (शिक्षण आणि परवान्याची पडताळणी केल्याचं) प्रमाणपत्र लागतं. कर्ज काढण्याआधी वकिलाला एकदा फी देऊन सगळं विचारून घ्या.

पैशांचंही याच बैठकीत ठरवा. व्हिसावर असणाऱ्यांना सरकारी शैक्षणिक कर्ज मिळत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना मिळतं, पण १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद होऊन मास्टर्सला वर्षाला २०,५०० डॉलरची मर्यादा येते.

आरोग्याची कागदपत्रं ऐनवेळी काढणं

लहानपणी बीसीजी घेतलेल्यांची टीबीची त्वचाचाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते, मग एक्स-रे आणि धावपळ. म्हणून टीबीची रक्तचाचणी चालेल का, ते आधी विचारा. हेपटायटिस बी, गोवर, कांजिण्या यांची प्रतिकारशक्ती रक्त तपासून दाखवावी लागते. हेपटायटिसचे डोस नव्याने घ्यायचे झाले तर काही महिने जातात आणि तोवर क्लिनिकल ड्यूटी अडू शकते.

पाठांतरावर भिस्त ठेवणं

आपण परीक्षा उत्तम पाठ करून दिल्या आहेत. एनक्लेक्समध्ये ती सवय नडते. चार पेशंट आहेत, आधी कुणाकडे जाल? रक्तदाब उतरलाय, डॉक्टरांना कळवण्याआधी काय कराल? उत्तरं चारही बरोबर वाटतात, पण सगळ्यात आधी करायचं ते निवडायचं असतं. एप्रिल २०२३ पासून एनक्लेक्समध्ये केस स्टडीवर आधारित प्रश्न वाढले आहेत. ८५ ते १५० प्रश्न, पाच तास. म्हणून पहिल्या सेमिस्टरपासून रोज थोडे प्रश्न सोडवा आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तराचं कारण लिहा. औषधाच्या डोसची गणितंही रोज करा. पेशंटचं वजन पौंडात सांगितलं जातं, डोस बहुधा किलोवर असतो, तेव्हा २.२ ने भागायला विसरलात तर दुपटीहून जास्त औषध जाईल.

एनक्लेक्स हुकली तरी वाट बंद होत नाही. ४५ दिवसांनी पुन्हा बसता येतं, फक्त आपल्या राज्याची मर्यादा पाहून घ्या. नापास झाल्यावर मिळणाऱ्या अहवालात प्रत्येक भागात तुम्ही पातळीच्या वर, जवळ की खाली आहात ते दिलेलं असतं. सगळं पुस्तक पहिल्या पानापासून उघडू नका. ‘खाली’ लिहिलेल्या भागांपासून सुरुवात करा, मग ‘जवळ’चे घ्या, आणि पुढची तारीख लगेच ठरवून टाका.