छोट्या अमेरिकी चर्च-कॉलेजात कोणतं काम कोणाकडे न्यायचं

आपल्याकडे कॉलेजचं कुठलंही काम शेवटी प्रिन्सिपॉलच्या सहीपाशी येतं. बोनाफाइड असो, टीसी असो, फी-सवलतीचा अर्ज असो; सही तीच आणि गोल शिक्काही तोच. अमेरिकेतल्या छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजात ही सवय कामाला येत नाही. ही कॉलेजं मुख्यतः पदवीपर्यंतच शिकवतात, एकाच विद्यार्थ्याला रसायनशास्त्र, इतिहास आणि संगीत शिकू देतात, आणि पुष्कळ ठिकाणी एकूण विद्यार्थी हजार ते तीन हजारच असतात. तिथला प्रेसिडेंट तुम्हाला नावाने ओळखेल, मेसमध्ये शेजारी बसून जेवेल. पण तुमच्या रोजच्या कुठल्याही कागदावर त्याची सही लागत नाही आणि चालतही नाही.

म्हणून एक गोष्ट पक्की धरून चाला. तुमची जी नोंद बदलायची आहे, ती सिस्टिममध्ये बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे, ते आधी शोधायचं आणि थेट त्याच्याकडे जायचं. पद किती मोठं आहे हे बघायचं नाही.

चर्चचा हात कुठवर पोचतो

मिनेसोटातलं सेंट ओलाफ (१८७४) आणि आयोवातलं ल्यूथर (१८६१) ही नॉर्वेहून आलेल्या ल्यूथरन लोकांनी काढलेली कॉलेजं. इंडियानातलं गोशेन मेनोनाइटांचं, इंडियानातलंच अर्लहॅम क्वेकरांचं, मिशिगनमधलं होप रिफॉर्म्ड चर्चचं; हे सगळे ख्रिस्ती पंथ. नातं सगळीकडे आहे, पण त्याची घट्ट-सैल गाठ प्रत्येक ठिकाणी वेगळी. हे नातं प्रामुख्याने बोर्ड ऑफ ट्रस्टीज, म्हणजे कॉलेजच्या विश्वस्त मंडळातून चालतं: काही जागा चर्चच्या माणसांसाठी राखीव, प्रेसिडेंट कोणत्या पंथाचा असावा याची अट, वगैरे. या अटीही बदलतात. नॉर्थ कॅरोलायनातल्या डेव्हिडसन कॉलेजच्या ट्रस्टींनी प्रेसिडेंट प्रेस्बिटेरियनच हवा ही अट २०२१ साली काढून टाकली. याउलट मिशिगनमधल्या कॅल्व्हिन युनिव्हर्सिटीत प्राध्यापकांना पंथाच्या श्रद्धापत्रांशी बांधिलकी सांगणारा करार सही करून द्यावा लागतो.

विद्यार्थ्याला याची झळ तीन ठिकाणी लागू शकते, आणि तिन्ही गोष्टी अर्ज करण्याआधी अ‍ॅडमिशन ऑफिसला ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्यायचं. चॅपेलची, म्हणजे कॉलेजातल्या प्रार्थनासभेची, हजेरी सक्तीची आहे का? आचारसंहितेवर सही करावी लागते का? पदवीसाठी धर्म या विषयाचे किती कोर्स घ्यावे लागतात? सेंट ओलाफमध्ये चॅपेल ऐच्छिक आहे. इलिनॉयमधल्या व्हीटनमध्ये ते सक्तीचं आहे आणि विद्यार्थ्यांना तिथला कम्युनिटी कव्हनंट (आचारसंहिता) मान्य करावा लागतो. दोन्ही ‘ख्रिश्चन लिबरल आर्ट्स कॉलेजं’च, पण तिथली चार वर्षं सारखी जाणार नाहीत. वसतिगृहातल्या दारूबंदीचे आणि पाहुण्यांच्या वेळांचे नियम स्टुडंट हँडबुकमध्ये असतात. ते आधी वाचा. नंतर ‘माहीत नव्हतं’ म्हणून कोणी सोडत नाही.

धर्माचा कोर्स बदलून मिळावा असं वाटत असेल तर लोक हमखास चॅप्लिनकडे (कॉलेजच्या धर्मगुरूकडे) जातात. तो कोर्स अभ्यासक्रमाचा भाग आहे, उपासनेचा नाही. त्यामुळे अर्ज प्रोव्होस्टच्या, म्हणजे शिक्षणाच्या बाजूला जातो, बहुधा रजिस्ट्रारच्या (कोर्स आणि गुणांच्या नोंदी ठेवणाऱ्याच्या) फॉर्मवरून.

खुर्च्या आणि त्यामागची कामं

प्रेसिडेंटचा बराचसा वेळ ट्रस्टी, देणगीदार, माजी विद्यार्थी आणि चर्च यांच्यात जातो. त्याला भेटा, बोला. काम घेऊन मात्र जाऊ नका. तो तुमचा ईमेल संबंधित ऑफिसकडे पाठवेल आणि तुमचा एक आठवडा जाईल.

गोंधळ होतो तो ‘डीन’ या पदात. डीन ऑफ द कॉलेज (काही ठिकाणी याच माणसाला प्रोव्होस्ट म्हणतात) म्हणजे शिक्षणाची बाजू: प्राध्यापक, कोर्स, गुणांच्या तक्रारी. डीन ऑफ स्टुडंट्स म्हणजे राहण्या-वागण्याची बाजू: वसतिगृह, शिस्त, आजारपण, रूममेटशी न पटणं, घरी अचानक जावं लागणं. आजी-आजोबा गेल्याने भारतात यावं लागलं तर एका ईमेलवर सगळ्या प्राध्यापकांना कळवण्याचं काम डीन ऑफ स्टुडंट्सचं ऑफिस करतं, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. रजा मंजूर करणं मात्र शेवटी त्या त्या प्राध्यापकाच्या हातात.

रजिस्ट्रार हा माझ्या मते कॉलेजातला सर्वांत महत्त्वाचा माणूस, आणि त्याच्याकडे विद्यार्थी सर्वांत उशिरा जातात. तुम्ही कोणत्या कोर्सला आहात, किती क्रेडिट झाले, पदवीला काय उरलं, ट्रान्स्क्रिप्टवर (गुणपत्रकावर) काय छापलं जाणार, हे सगळं त्याच्या हातात. अ‍ॅड-ड्रॉपची (कोर्स घेण्या-सोडण्याची) शेवटची तारीख, डब्ल्यू (विथड्रॉल) शेरा घेऊन कोर्स सोडण्याची तारीख, अपूर्ण कामासाठी मिळालेल्या ‘आय’ शेऱ्याची मुदत, या तीन तारखा सत्राच्या पहिल्या दिवशी कॅलेंडरवर टाका. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस पदवी-तपासणी मागून घ्या. कुठला तरी अर्धा क्रेडिट राहिल्याचं शेवटच्या सत्राच्या मध्यावर कळलं, तर तो भरून काढायला कोर्सच उरलेला नसतो.

पैशाची दोन ऑफिसं असतात आणि ती एक नाहीत. फायनान्शियल एड शिष्यवृत्ती ठरवतं. स्टुडंट अकाउंट्स (जुना शब्द बर्सर) बिल काढतं आणि पैसे जमा करून घेतं. शिष्यवृत्ती वाढवून हवी असेल तर पहिल्याकडे जायचं, बिलात चूक असेल तर दुसऱ्याकडे. अ‍ॅडव्हान्समेंट म्हणजे देणग्या मिळवणारं खातं. तिथे विद्यार्थ्यांना फोन करण्याची नोकरी मिळू शकते, एवढाच तुमचा त्याच्याशी संबंध.

छोट्या कॉलेजात एकच माणूस दोन-तीन टोप्या घालतो. चॅप्लिनकडेच स्वयंसेवेचे उपक्रम असतात, रजिस्ट्रारच्याच ऑफिसातला कोणी व्हिसाचे कागद बघतो. म्हणून ईमेलमध्ये ‘हे काम मी तुमच्याकडे कोणत्या नात्याने आणतोय’ हे पहिल्याच ओळीत लिहा. आणि हाक कशी मारायची हे त्यांच्याच ईमेलखालच्या नावावरून ठरवा. अर्लहॅमसारख्या क्वेकर कॉलेजात प्राध्यापकांनाही पहिल्या नावाने हाक मारायची रीत आहे, दुसरीकडे ‘डीन अमुक’ किंवा ‘पास्टर अमुक’ बरं.

डीएसओ

डीएसओ (डेझिग्नेटेड स्कूल ऑफिशियल) म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाचं काम बघायला कॉलेजने नेमलेला अधिकारी. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांसाठी हा माणूस रजिस्ट्रारइतकाच मोलाचा. सेव्हिस या सरकारी प्रणालीत तुमची नोंद डीएसओ ठेवतो. आय-२०, म्हणजे व्हिसासाठी लागणारा कॉलेजचा दाखला, तोच देतो. पत्ता बदलला तर १० दिवसांत कळवायचं. सुट्टीला भारतात येण्याआधी आय-२०वरची प्रवासाची सही एक वर्षाच्या आतली आहे का बघायचं. सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करायचं नाही. मेसमधले १२ आणि लायब्ररीतले १० मिळून २२ होतात, आणि दोन्ही साहेबांना एकमेकांचे तास माहीत नसतात. बेरीज तुम्हीच ठेवायची.

पदवीनंतरच्या ओपीटीसाठी (अमेरिकेत काही काळ काम करण्याच्या परवानगीसाठी) अर्ज पदवी संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ६० दिवस नंतरपर्यंत करता येतो, पण डीएसओने सेव्हिसमध्ये शिफारस टाकल्यापासून ३० दिवसांत तो सरकारकडे पोचलाच पाहिजे. इथे मुलं चुकतात: शिफारस लवकर करून घेतात आणि फोटो, फी, कागद जमवण्यात महिना घालवतात. आधी कागद जमवा, मग शिफारस मागा.

छोट्या कॉलेजात डीएसओ एक किंवा दोनच असतात आणि उन्हाळ्यात तेही सुट्टीवर जातात. मे महिन्यातच विचारून ठेवा की जुलैत सही कोण करणार.

एक कोर्स सोडायचा आहे: पायरीपायरीने

एफ-१ विद्यार्थ्याला सत्राला किमान १२ क्रेडिट लागतात. चार क्रेडिटचे चार कोर्स घेतले असतील तर एक सोडून १२ उरतात, प्रश्न नाही. तीनच घेतले असतील तर एक सोडल्यावर ८ उरतात, आणि आधी परवानगी नसेल तर व्हिसाचा दर्जाच जाऊ शकतो. पोर्टलवर ‘ड्रॉप’चं बटण दाबायला अर्धा मिनिट लागतो, दर्जा परत मिळवायला महिने.

म्हणून क्रम असा. प्रथम फॅकल्टी अ‍ॅडव्हायजरला, म्हणजे तुम्हाला नेमून दिलेल्या मार्गदर्शक प्राध्यापकाला, भेटा. कोर्स खरंच सोडायचा की शिकवणी लावून निभेल, हे तो सांगेल. मग डीएसओ. शिकवण्याची पद्धत नवी आहे, इंग्रजी वाचन झेपत नाही किंवा चुकीच्या पातळीचा कोर्स घेतला, अशी कारणं असतील तर तो सुरुवातीच्या काळात एकदाच सूट देऊ शकतो. तरीही किमान ६ क्रेडिट ठेवावेच लागतात आणि पुढच्या सत्रात पूर्णवेळ व्हावं लागतं. आजारपणासाठी सूट एकूण १२ महिन्यांपर्यंत मिळते, दर सत्राला नव्याने. त्यासाठी पत्र परवानाधारक डॉक्टरचं किंवा परवानाधारक मानसशास्त्रज्ञाचं लागतं. कॅम्पसवरचे समुपदेशक फार मदतीचे असतात, पण सगळ्यांकडे तो परवाना नसतो. पत्र मागण्याआधी हे विचारून घ्या, नाहीतर डीएसओ ते परत करेल.

डीएसओचा होकार ईमेलने आला की फायनान्शियल एड: शिष्यवृत्तीला किमान क्रेडिटची वेगळी अट असू शकते. सगळ्यांत शेवटी रजिस्ट्रार. ईमेलच्या विषयात नाव, विद्यार्थी क्रमांक, सत्र आणि कोर्सचा क्रमांक. मजकुरात तीन ओळी: काय हवं आहे, डीएसओची परवानगी जोडली आहे, अमुक तारखेच्या आत नोंद व्हावी ही विनंती. त्याने ‘झालं’ म्हटल्यावर पोर्टल उघडून स्वतः खात्री करा आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा.

घरून पैसे पाठवताना

भारतातली बँक फॉर्म ए-२, पॅन, आय-२० आणि फीचं बिल मागते. बिल स्टुडंट अकाउंट्सच्या पोर्टलवरून काढा, ऑफर लेटरवरचा आकडा चालवू नका. मधल्या बँका वाटेत काही डॉलर कापतात. खात्यात वीस डॉलर कमी पोचले तरी सिस्टिम ‘होल्ड’ लावू शकते आणि होल्ड असेपर्यंत पुढच्या सत्राचे कोर्स घेता येत नाहीत. पाठवताना सगळे शुल्क पाठवणाऱ्याकडे, म्हणजे ‘अवर’ (OUR) हा पर्याय निवडा, आणि संदर्भात विद्यार्थी क्रमांक टाकायला विसरू नका. होल्ड लागलाच तर रजिस्ट्रारला विनवण्या करून उपयोग नाही. तो लावला स्टुडंट अकाउंट्सने, काढणारही तेच.

आई-वडिलांसाठी

१९७४च्या फर्पा कायद्यामुळे कॉलेजात गेलेल्या मुलाचे गुण, हजेरी, शिस्तीची नोंद त्याच्या लेखी संमतीशिवाय कॉलेज सहसा सांगत नाही, फी तुम्ही भरत असलात तरी. फोनवर नकार आला म्हणजे ती उद्धटपणाची गोष्ट नाही. निघण्याआधीच मुलाकडून संमतीचे फॉर्म भरून घ्या, आणि फॉर्म एकच आहे असं समजू नका: गुणांचा वेगळा, बिलाचा वेगळा, आरोग्य केंद्राचा वेगळा असू शकतो. आयोवा-मिनेसोटातले सकाळचे ९ म्हणजे आपले हिवाळ्यात रात्रीचे साडेआठ, उन्हाळ्यात साडेसात. मूल फोन उचलत नाही आणि काळजी वाटते, अशा वेळी डीन ऑफ स्टुडंट्सला किंवा कॅम्पस सेफ्टीला सांगा. ते खोलीवर जाऊन बघून येतात.

चॅप्लिन

आपली मुलं ‘हे धर्मांतराचं ऑफिस असेल’ म्हणून तिकडे फिरकत नाहीत, आणि फार मोठा आधार गमावतात. बऱ्याच कॉलेजांत चॅप्लिनचं काम सर्व धर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी असतं. दिवाळीसाठी खोली, जवळच्या शहरातल्या मंदिरात जायला गाडी, पितृपक्षात किंवा उपासाला मेसमध्ये काय मिळेल, हे विचारायची जागा तीच. त्याहून मोलाची गोष्ट गुप्ततेची. छळ किंवा लैंगिक अत्याचाराबद्दल प्राध्यापकाला, वसतिगृहाच्या आरएला (मजल्यावर देखरेख करणाऱ्या विद्यार्थ्याला) सांगितलं तर त्यांना ते सहसा टायटल नाइन समन्वयकाकडे (अशा तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे) कळवावंच लागतं. चॅप्लिन आणि समुपदेशक यांना सांगितलेलं सहसा त्यांच्यापाशीच राहतं. तक्रार करायची की नाही हे ठरलेलं नसेल, तेव्हा आधी या दोघांपैकी एकाकडे जा, आणि बोलायला सुरुवात करण्याआधी ‘हे गुप्त राहील ना’ असं विचारा.

कॉलेज टिकेल का

पुष्कळ छोटी कॉलेजं फीवर जगतात. दोन-तीन वर्षं प्रवेश घटले की हिशेब बिघडतो. आयोवातलं मेथडिस्ट परंपरेचं आयोवा वेस्लियन आणि मिशिगनमधलं ल्यूथरन फिनलँडिया, दोन्ही २०२३ साली बंद झाली. प्रवेश घेण्याआधी कॉलेजचे गेल्या काही वर्षांचे फॉर्म ९९० (करखात्याकडे दरवर्षी भरायचं हिशेबाचं विवरण) बघा. ते सार्वजनिक असतात आणि सलग तीन वर्षांची तूट त्यांत लगेच दिसते. मान्यता देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर कॉलेजच्या नावापुढे ताकीद किंवा ‘प्रोबेशन’ आहे का तेही तपासा.

बंद होण्याची घोषणा झालीच तर त्याच आठवड्यात रजिस्ट्रारकडून ट्रान्स्क्रिप्टच्या प्रती आणि प्रत्येक कोर्सचा सिलॅबस घ्या. नवं कॉलेज क्रेडिट मानताना सिलॅबस मागतं. ‘टीच-आउट’चा (विद्यार्थ्यांना दुसरीकडे पदवी पूर्ण करू देण्याचा) करार कोणत्या कॉलेजांशी झाला आहे ते प्रोव्होस्टच्या ऑफिसातून लेखी मिळवा. शिष्यवृत्ती तितकीच राहील का हा प्रश्न नव्या कॉलेजच्या फायनान्शियल एडला विचारायचा, जुन्याला नाही. आणि सेव्हिसची नोंद नव्या कॉलेजकडे कोणत्या तारखेला जाणार हे डीएसओची नोकरी संपण्याआधी त्याच्याकडून ठरवून घ्या. नंतर ती हलवायला ऑफिसात कोणी सापडेलच असं नाही.