विकिपीडियावरचा उत्पात निस्तरताना या चुका टाळा

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे आणि पाने कोणालाही संपादित करता येतात. त्यामुळे उत्पात होणारच. कोणी लेखात शिवी घालून जातो, कोणी मित्राचे नाव 'थोर समाजसेवक' म्हणून गावाच्या लेखात चिकटवतो, कोणी अख्खा विभाग उडवतो. असले उघड प्रकार पटकन नजरेत भरतात आणि निघतातही. महिनोन्महिने टिकतो तो घाईच्या दुरुस्तीखाली दबलेला उत्पात. तो बहुतेकदा निस्तरणाऱ्याच्या चुकीमुळे टिकतो, म्हणून हा लेख निस्तरणाऱ्यांसाठी.

शेवटचा बदल उलटवून निघून जाणे

सर्वांत जास्त होणारी चूक हीच. पानावर शिवी दिसते, संपादक 'इतिहास' (पानावरच्या सगळ्या बदलांची यादी) उघडतो, सर्वांत वरच्या ओळीतल्या 'उलटवा'वर टिचकी मारतो, शिवी जाते, काम संपले असे वाटते. पण उत्पात करणारा क्वचितच एका बदलावर थांबतो. पहिल्या बदलात त्याने जन्मवर्ष बदललेले असते, दुसऱ्यात एक परिच्छेद काढलेला असतो, तिसऱ्यात शिवी लिहिलेली असते. 'उलटवा' एकच बदल मागे घेते. शिवी गेली, चुकीचे जन्मवर्ष राहिले, आणि आता त्यावर एका भरवशाच्या संपादकाचे नाव बसले. पुढचा गस्त घालणारा (नवे बदल तपासणारा) ते नाव पाहून पुढे जातो.

द्रुतमाघारीचा अधिकार असलेल्यांनाही हाच फटका वेगळ्या रीतीने बसतो. द्रुतमाघार शेवटच्या संपादकाचे सलग बदल एकदम मागे घेते, पण त्याच्या आधी दुसऱ्याच कोणी घाण केली असेल तर पान त्या घाणीवर जाऊन थांबते. दोन खाती आलटून पालटून वापरणाऱ्यांना हे चांगलेच ठाऊक असते.

योग्य क्रम असा. 'इतिहास पहा' उघडा आणि शेवटची निश्चित चांगली आवृत्ती शोधा. 'काल-परवाची असेल' असा अंदाज नको. तारीख-वेळेवर टिचकी मारून आवृत्ती उघडून वाचा. मग तिच्यासमोरची आणि सर्वांत वरची अशा दोन खुणा निवडून फरक काढा. मधले सगळे बदल एकाच पडद्यावर दिसतील. त्यात कामाचे काहीच नसेल तर जुनी आवृत्ती उघडून 'संपादन' करा, सारांशात (बदलाविषयीच्या टिपेच्या ओळीत) कारण लिहा आणि जतन करा. मधे कोणी चांगले संदर्भ घातले असतील तर जुनी आवृत्ती जतन केल्यावर तेवढे पुन्हा घाला. चांगले बदल जास्त आणि उत्पात थोडा असेल तर उलट करा: चालू आवृत्तीत फक्त बिघडलेला भाग हाताने दुरुस्त करा. 'मधल्या संपादनांमुळे हा बदल उलटवता येत नाही' असा संदेश आला तरी हाच मार्ग.

जुना मजकूर परत आणताना तो वाचायच्या पानावरून किंवा दुसऱ्या संकेतस्थळावरच्या नकलेतून उचलून चिकटवू नका. तसे केले की संदर्भांच्या जागी नुसते चौकटी कंसातले आकडे उरतात, माहितीचौकट आणि दुवे जातात. मजकूर नेहमी जुन्या आवृत्तीच्या 'संपादन' खिडकीतूनच घ्या.

बिघडलेल्या मजकुराचे शुद्धलेखन सुधारणे

अमेरिकी पत्रकार जॉन सीगनथेलर यांच्यावरच्या इंग्रजी विकिपीडियातील लेखात मे २००५ मध्ये कोणीतरी लिहिले की केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचा संबंध असल्याचा संशय होता. साफ खोटे. ते वाक्य चार महिन्यांहून जास्त काळ तसेच राहिले. तीनच दिवसांनी एक संपादक त्या पानावर येऊन गेला होता, पण त्याने मजकुरातल्या एका शब्दाचे स्पेलिंग तेवढे सुधारले.

मराठीत हे रोज घडते. ऱ्हस्व-दीर्घ सुधारणारा संपादक किंवा सांगकाम्या (आपोआप बदल करणारा प्रोग्रॅम) बिघडलेल्या मजकुरावरून हात फिरवतो, इतिहासात वरची ओळ स्वच्छ दिसते, आणि खालचा उत्पात 'उलटवा'च्या आवाक्याबाहेर जातो. ताज्या, संदर्भ नसलेल्या वाक्याचे शुद्धलेखन सुधारण्यापूर्वी ते कोणी, कधी घातले एवढे पाहा. पान जुने आणि इतिहास लांबलचक असेल तर अर्ध्यावर उडी मारत जा: मधली आवृत्ती उघडा, वाक्य आहे की नाही पाहा, मग उरलेल्या अर्ध्यातली मधली. ५०० आवृत्त्यांतून नेमका बदल ९ फेऱ्यांत सापडतो. विकिब्लेम हे साधन हेच काम आपोआप करते आणि कोणत्याही भाषेच्या विकिपीडियावर चालते.

आकाराचा आकडा पाहून बदल सोडून देणे

'अलीकडील बदल'मध्ये प्रत्येक ओळीपुढे अधिक-उण्याचा आकडा असतो. तो अक्षरांचा नसून बाइटांचा असतो, आणि देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त यांचे वेगळे तीन-तीन. हे डोक्यात ठेवले की आकडे बोलू लागतात. वाक्याच्या शेवटी एक जागा सोडून 'नाही' जोडले की +१३. 'होता'चे 'नव्हता' केले की +६. चार अंकी साल देवनागरीतून रोमन अंकांत बदलले की −८. हा बदल बहुधा निरुपद्रवी असतो, पण अंक तेच आहेत ना हे पाहून घ्यावे. आणि देवनागरी सालातला एक अंक बदलला की चक्क ०.

मोठा लाल आकडा सगळे पाहतात. शून्यावरून नजर घसरते, म्हणून जाणते उत्पाती तिथेच हात घालतात: जन्मवर्ष, लोकसंख्या, मतांची संख्या, सामन्यातल्या धावा. बाहेरचे, मराठी न येणारे स्वयंसेवक लहान विकींवर गस्त घालतात. रोमन लिपीतला कचरा आणि पान कोरे करणे ते पकडतात. 'होता'चे 'नव्हता' झालेले त्यांना कळणार नाही. ते काम मराठी वाचणाऱ्यांचेच. सारांश न लिहिलेला, नव्या खात्यावरून झालेला ० ते १५ बाइटांचा आकड्यांचा बदल उघडून पाहिल्याशिवाय सोडू नका, मग त्यावर दहा मिनिटे गेली तरी चालतील.

आकडा पडताळताना आणखी एक सापळा असतो. बातमीत तोच आकडा सापडला म्हणून तो खरा असे नव्हे. वार्ताहराने तो विकिपीडियावरूनच घेतला असू शकतो. बातमीची तारीख बदलाच्या तारखेच्या आधीची असेल तरच तिला पुरावा माना.

न पटलेला प्रत्येक बदल उत्पात ठरवणे

उत्पात म्हणजे ज्ञानकोश बिघडवण्याच्या हेतूने केलेला बदल. चूक, अडाणीपणा, हट्ट, पक्षपात यांना तो शब्द लावला की भांडण सुरू होते आणि नवा माणूस कायमचा जातो.

छत्रपती शिवाजी महाराजांच्या लेखात कोणी जन्मवर्ष १६३० चे १६२७ केले, तर तो उत्पातच असेल असे नाही. वैशाखातली १६२७ ची तिथी जुन्या पुस्तकांत सर्रास छापलेली आहे. फाल्गुन वद्य ३, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही जेधे शकावलीतली (जेधे घराण्याच्या कालक्रमवार नोंदींतली) नोंद पुढे आली आणि राज्य सरकारनेही तीच तारीख धरली. बदल करणाऱ्याकडे घरातले जुने पुस्तक असू शकते. बदल मागे घ्यायचाच, पण सारांशात 'उत्पात' न लिहिता 'जेधे शकावलीनुसार १६३०. चर्चा पान पाहा' असे लिहायचे. औरंगाबाद-छत्रपती संभाजीनगर, अहमदनगर-अहिल्यानगर या नावांवरून होणारी ओढाताणही वादाच्या खात्यात जाते. त्याची जागा लेखाचे चर्चा पान किंवा चावडी (सर्व सदस्यांचे चर्चेचे पान).

यात नियमाचाही प्रश्न आहे. इंग्रजी विकिपीडियावर एका पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा बदल उलटवता येत नाहीत. उघड उत्पाताला त्यातून सूट आहे, पण वादाला उत्पात म्हटल्याने सूट मिळत नाही. उलटवणाराच ब्लॉक होतो.

मोबाइलवर नकळत कोरा झालेला विभाग, रोमन लिपीत लिहिलेला प्रामाणिक परिच्छेद, लेखाच्या मधोमध 'टेस्ट' हा शब्द: हे नवशिक्याचे चाचपडणे. २७ फेब्रुवारीच्या (मराठी भाषा गौरव दिनाच्या) आसपास महाविद्यालयांत कार्यशाळा होतात तेव्हा असे बदल लोंढ्याने येतात. त्यांना धूळपाटीचा (सरावाच्या पानाचा) दुवा द्या. आणि प्रचालक (ब्लॉक करण्यासारखे जादा अधिकार असलेले सदस्य) असाल तर संगणक कक्षाचा आयपी पत्ता (जाळ्यावरचा क्रमांक) ब्लॉक करण्याआधी थांबा; एका पोराच्या खोडीपायी सगळा वर्ग बाहेर पडतो.

पानाच्या इतिहासात सापडत नाही म्हणून हात टेकणे

पानावर अश्लील चित्र दिसते आहे, पण इतिहासात गेल्या सहा महिन्यांत एकही बदल नाही. अशा वेळी तीन ठिकाणे तपासा.

पहिले, साचा, म्हणजे अनेक पानांत एकदम जोडला जाणारा मजकूर. संपादन खिडकीच्या खाली त्या पानावर वापरलेल्या साच्यांची यादी असते. त्यातला एखादा साचा बिघडवला की शेकडो पानांवर एकदम परिणाम दिसतो. एकेक साचा उघडत बसण्यापेक्षा बाजूपट्टीतला 'संबंधित बदल' वापरा. दुसरे, विकिडेटा, म्हणजे सगळ्या विकिपीडियांचा माहितीचा सामाईक साठा. माहितीचौकटीतले काही रकाने तिथून भरले जातात, तसेच अ‍ॅपमध्ये शीर्षकाखाली दिसणारे छोटे वर्णनही. तिथले उत्पात तिथल्याच इतिहासात उलटवावे लागतात. तिसरे, कॉमन्स, म्हणजे चित्रांचा सामाईक साठा: तिथे त्याच नावाने दुसरे चित्र चढवलेले असू शकते.

दुरुस्ती केल्यावरही जुनेच दिसत असेल तर पानाच्या पत्त्यात पर्ज (action=purge) ही क्रिया जोडून सय (साठवून ठेवलेली जुनी नक्कल) ताजी करा. शोधयंत्राच्या उजव्या चौकटीत चुकीची माहिती राहिली तर ती विकिपीडियावर दुरुस्त होत नाही. त्या चौकटीतल्या प्रतिसादाच्या दुव्यावरून कळवा. सीगनथेलर प्रकरणातही मूळ लेख सुधारल्यावर खोटा मजकूर नकला करणाऱ्या संकेतस्थळांवर आणखी काही आठवडे राहिला होता.

एक पान साफ करून थांबणे

उत्पाती खात्याचे 'सदस्याचे योगदान' उघडणे ही सवयच हवी. एका गावाच्या लेखात खोडी केलेली असेल तर शेजारच्या चार गावांतही असते. खाते नसलेल्या संपादकांचे आयपी पत्ते आता इतिहासात दिसत नाहीत; त्यांना टिल्ड (~) चिन्हाने आणि वर्षाने सुरू होणारे तात्पुरते खाते मिळते. ते ९० दिवस चालते, पण ब्राउझरच्या कुकी पुसल्या की लगेच नवे मिळते. म्हणून नवे नाव म्हणजे नवा माणूस असे धरू नका. वेळ, विषय आणि लिहिण्याची धाटणी जुळते का पाहा.

स्थानांतरणही पाहायला विसरू नका. उत्पाती लेखाचे नावच बदलतो आणि मूळ नाव नव्या नावाकडे नेणारे पुनर्निर्देशन होऊन बसते. मजकूर नव्या पानावर चिकटवून हे सुधारू नका, त्याने इतिहास तुटतो. स्थानांतरण करूनच परत आणा. जमत नसेल तर प्रचालकाला सांगा. तसेच, निव्वळ कचरा दिसणाऱ्या पानाला 'पानकाढा' (पान वगळण्याची विनंती करणारा) साचा लावण्याआधी इतिहास बघा. कधी कधी तो दहा वर्षे जुना चांगला लेख असतो, कोणीतरी कालच पुसून टाकलेला.

उत्तर देणे, धमकावणे, प्रसिद्धी देणे

सारांशात 'लाज वाटत नाही का' लिहिले की समोरच्याला हवे ते मिळते. सूचना त्याच्या चर्चा पानावर द्या, कोणत्या पानावरचा कोणता बदल ते लिहा, सही करा, पुढे जा. सूचना देऊनही चालूच राहिले तर फरकाचे दोन-तीन दुवे जोडून प्रचालकांना कळवा. 'अमुक सदस्य त्रास देतो' एवढ्यावर कोणालाही काही करता येत नाही. पोलिसांत जाण्याची धमकी विकीवर देऊ नका. कायद्याचा मार्ग घ्यायचा असेल तर तो विकीबाहेर घ्यावा. बिघडलेल्या पानाचा स्क्रीनशॉट समाजमाध्यमांवर 'बघा काय चाललंय' म्हणून टाकणे तर सर्वांत वाईट: तासाभरात त्याच पानावर वीस जण खोड्या करायला येतात, आणि मग पान अर्धसुरक्षित (नव्या आणि खाते नसलेल्या संपादकांना बंद) करावे लागते.

फोन नंबर नुसता उलटवणे

कोणाचा मोबाइल क्रमांक, घरचा पत्ता, आधार क्रमांक किंवा खासगी छायाचित्र पानावर आले तर उलटवल्याने ते लेखातून जाते, इतिहासात सगळ्यांना दिसत राहते. लगेच उलटवा, पण सारांशात तपशिलाचा उल्लेख नको. 'दुरुस्ती' एवढे पुरे. चावडीवरही दुवा देऊ नका, तिथे तो वाचणारे जास्त. प्रचालकाला ईमेलने दुवा पाठवा. तो ती आवृत्ती लपवू शकतो. प्रचालकांनाही दिसू नये इतके गंभीर असेल तर आवृत्ती दडपावी लागते, आणि ज्या विकीवर त्या अधिकाराचे स्थानिक सदस्य नाहीत तिथे हे काम स्टुअर्ड (सगळ्या विकींवर अधिकार असलेले सदस्य) करतात. जिवाला धोका किंवा आत्महत्येची भाषा असेल तर वाद न घालता विकिमीडिया फाउंडेशनच्या आपत्कालीन ईमेल पत्त्यावर फरकाच्या दुव्यासह तत्काळ कळवा. आवृत्ती लपवताना ज्या बदलात तपशील आला तिथपासून तो काढला त्याच्या आधीपर्यंतच्या सर्व आवृत्त्या घ्याव्या लागतात. मधे कोणी शुद्धलेखन सुधारले असेल तर त्याच्याही आवृत्तीत तो क्रमांक असतो, आणि ती एक सुटली तरी क्रमांक जगजाहीरच राहतो.