प्युअर ब्रीड की क्रॉस? पिल्लू घेण्याआधी तब्येतीचं काय बघायचं

आमच्या लॅब्रॅडॉर कुत्र्याचे, म्हणजे लॅबचे, केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) पेपर अजून कपाटात आहेत, आई-बाप, आजी-आजोबा सगळ्यांची नावं आहेत त्यात. चौदाव्या महिन्यात तो जिना चढताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकायला लागला, एक्स-रे काढला तर हिप डिस्प्लेशिया, म्हणजे खुब्याचा सांधा नीट बसलेलाच नाही. तेव्हा ते पेपर परत काढून वाचले आणि कळलं की खुब्याबद्दल त्यात एक अक्षर नाहीये. पेपर म्हणजे वंशावळ, तब्येतीचा रिपोर्ट नव्हे. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं म्हणून लिहितोय.

त्यावेळी सगळ्यांनी एकच सांगितलं, पुढच्या वेळी क्रॉस घे, म्हणजे दोन ब्रीडचं मिश्र पिल्लू, क्रॉस टणक असतात. मीपण मानलं होतं. पण अमेरिकेत यूसी डेव्हिसच्या व्हेटर्नरी हॉस्पिटलमधल्या २७ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या रेकॉर्डवरचा एक अभ्यास २०१३ मधे आला, त्यात २४ आजार बघितले होते. त्यातले १० प्युअर ब्रीडमधे जास्त निघाले, एपिलेप्सी, मोतीबिंदू, थायरॉइड कमी असणं, कोपराचा डिस्प्लेशिया, पाठीच्या मणक्यांमधली चकती सरकणं, असे. एक आजार, गुडघ्याचं लिगामेंट तुटणं, उलट क्रॉसमधे जास्त. आणि १३ मधे काही फरकच नाही, आणि त्या १३ मधे हिप डिस्प्लेशिया आहे! म्हणजे आमच्या बाबतीत नुसतं क्रॉस घेऊन खुब्याचं काही वाचलं असतं असं नाही.

असं का ते शेतीवाल्या घरातल्या माणसाला पटकन कळेल. संकरित बियाणं पहिल्या वर्षी जोमदार येतं, त्याचंच बी ठेवून पुन्हा पेरलं की तसं येत नाही. कुत्र्यांचंही साधारण तसंच, दोन वेगळ्या ब्रीडच्या पहिल्या पिढीला फायदा मिळू शकतो कारण एका बाजूचा दबलेला खराब जीन दुसऱ्या बाजूच्या चांगल्या जीनमुळे झाकला जातो. पण दोन्ही बाजूंना तोच आजार असेल तर झाकणार कोण? आपल्याकडे लॅब आणि जर्मन शेफर्डचा क्रॉस खूप विकला जातो आणि दोघांनाही खुब्याचा त्रास आहे. म्हणून क्रॉस घेताना दोन्ही ब्रीडचे आजार वेगवेगळे कागदावर लिहा आणि जे दोन्हीकडे आहेत त्यावर खूण करा, ते तुमचे प्रश्न.

काही त्रास आजार म्हणून येतच नाहीत, अंगाच्या ठेवणीतूनच येतात, आणि तिथे माझं मत स्पष्ट आहे. पग, फ्रेंच बुलडॉग, शित्झू यांचं नाक दाबून दाबून छोटं केलंय पण आतलं मांस तेवढंच राहिलं, त्यामुळे श्वास अडतो. कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकूनच बाहेर काढतो, मग नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात अशा कुत्र्याचं काय होत असेल विचार करा. घोरतो किती गोड, असं म्हणतो आपण, पण जागेपणी बसल्या बसल्यापण तसा आवाज येत असेल तर ते गोड नाहीये, त्याला हवा पुरत नाहीये. घ्यायचाच असेल तर सकाळी गारव्यात पिल्लाच्या आईला आणि बापाला तीन-चार मिनिटं झपझप चालवायला सांगा आणि जवळ उभं राहून श्वास ऐका. घरघर आली की तिथूनच परत या. डॅशहंडचं पाठीचं तसंच, लांब पाठ आणि आखूड पाय, सोफ्यावरून उड्या मारू देऊ नका आणि वजन वाढू देऊ नका.

बाकी ब्रीडरला मोघम "हेल्दी आहे ना" विचारू नका, तो हो म्हणणारच. आजाराचं नाव घेऊन विचारा. लॅब, गोल्डन, शेफर्ड असेल तर आई-बापाच्या खुब्याचे आणि कोपराचे एक्स-रे, दोन वर्षांच्या वयानंतर काढलेले. डॉबरमन असेल तर हृदयाचा इको, कारण त्यांच्यात हृदयाचा स्नायू कमजोर होतो आणि बऱ्याचदा आधी काही दिसतच नाही. डाल्मेशियन असेल तर पिल्लाच्या मागे उभं राहून टाळी वाजवा, जन्मतः बहिरेपणा असतो त्यांच्यात. टाळीने एका कानाचा बहिरेपणा कळत नाही पण दोन्ही कान गेलेले असले तर अंदाज येतो. छोट्या ब्रीडच्या गुडघ्याची वाटी सरकते का ते डॉक्टर हातानेच बघतात, पाच मिनिटांचं काम आहे.

कोली किंवा त्याचा क्रॉस असेल तर हे नक्की लक्षात ठेवा. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना एका जीनमुळे आयव्हरमेक्टिन मोठ्या डोसमधे विषारी ठरतं, आणि आपल्याकडे खरूज, गोचीड झाली की हेच औषध सर्रास दिलं जातं. क्रॉस पिल्लातही तो जीन येऊ शकतो, त्यामुळे पिल्लाच्या घराण्यात कुठेतरी कोली आहे हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा.

आता प्युअर ब्रीड म्हणजे आजारी असंही नाही. आपला कारवानी कुत्रा बघा, तोही प्युअर ब्रीडच, पण पिढ्यानपिढ्या पळण्यासाठी, शिकारीसाठी निवडलेला, दिसण्यासाठी नाही. फक्त नसबंदीच्या वेळी डॉक्टरांना हा साइटहाउंड, म्हणजे नजरेने शिकार हेरून पळणारा कुत्रा, आहे हे सांगा, अशा सडपातळ कुत्र्यांना भुलीची काही औषधं जपून द्यावी लागतात.

आणि गावठी. माझं मन आता तिकडेच आहे, आमची दुसरी गावठीच आहे, दत्तक घेतलेली. त्वचेचा त्रास कमी, उन्हाचा त्रास कमी. पण गावठीला काही होत नाही हे मात्र साफ खोटं आहे. पार्वो, डिस्टेंपर हे विषाणूंचे आजार आणि गोचिडताप, यांना ब्रीड कळत नाही. लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने साधारण सोळा आठवड्यांपर्यंत पूर्ण करायच्या, रेबीजची वेगळी, गावठी असो की लाखाचं पिल्लू असो.

शेवटी पिल्लू बघायला जाल तेव्हा आई बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायला २०१७ च्या केंद्राच्या नियमांनी मनाई आहे आणि ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, तो नंबर मागा. आई दुसऱ्या गावी आहे, व्हिडिओ पाठवतो, हायवेवर येऊन घेऊन जा, असं काही ऐकलं तर जाऊच नका. आणि घेतलंत तर दोन-तीन दिवसांच्या आत तुमच्या स्वतःच्या डॉक्टरकडे न्या, हृदय, गुडघे, डोळे, नाळेच्या जागी हर्निया, नर असेल तर दोन्ही वृषणं उतरलीत का, एवढं तपासून घ्या, आणि काही निघालं तर काय करायचं हे ब्रीडरकडून आधीच लिहून घेतलेलं असू द्या.