पाहुणे येणारेत आणि तळत बसायचं नाहीये? मग ग्रेझिंग बोर्ड मांडा

आपल्याकडे पाहुणे आले की काय होतं माहितीये ना, सगळे हॉलमध्ये हसतायत आणि आपण आत गॅससमोर "गरम गरम घ्या हं" करत भजी काढतोय, आणि शेवटचा घाणा निघेपर्यंत गप्पांचा निम्मा विषय संपलेला असतो. मला ग्रेझिंग बोर्ड, म्हणजे एका मोठ्या पाटावर मांडलेलं तऱ्हेतऱ्हेचं खाणं, आवडायला लागला तो फक्त यासाठी. सगळं आधी मांडून ठेवायचं, मधे टेबलावर ठेवायचं आणि आपणही खुर्ची ओढून बसायचं. ग्रेझिंग म्हणजे खरंतर चरणं, गुरं चरतात ते, म्हणजे गप्पा मारता मारता हात जाईल ते तोंडात टाकायचं. मूळ पाश्चात्त्य प्रकारात हॅम, सलामी, चीज, ऑलिव्ह वगैरे असतं पण ते सगळं आणायला गेलात तर ८ माणसांचा खर्च बघून भजीच बरी वाटतील. म्हणून मी अर्धा बोर्ड आपल्या डब्यांमधूनच भरते.

माझा पहिला बोर्ड सपशेल फसला होता तेही सांगते. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, मी फोटोत बघून सगळं एकमेकांना चिकटवून मांडलं, चकल्यांच्या शेजारी नुकत्याच धुतलेल्या आलुबुखारच्या फोडी, त्याला टेकून चिवडा. पाहुणे ट्रॅफिकमध्ये अडकले आणि ४० मिनिटं उशिरा आले. तोपर्यंत चकली अशी मऊ पडली की वाकवली तरी मोडेना, आणि चीजला घाम फुटलेला. तेव्हापासून पहिला नियम, ओलं आणि कुरकुरीत शेजारी ठेवायचं नाही, आणि कुरकुरीत सगळ्यात शेवटी, बेल वाजल्यावर ठेवलं तरी चालतं.

आता बोर्ड कशाचा. विकत आणायची काही गरज नाही, आपलं पोळपाट घ्या, उलट पायांमुळे त्याला उंची येते ते छान दिसतं. मोठा लाकडी ट्रे असेल तर त्याच्या शेजारी पोळपाट, असे दोन. फक्त ज्या लाकडावर रोज लसूण-कांदा चिरता ते घेऊ नका, लिंबू-मीठ चोळून धुतलं तरी वास पूर्ण जात नाही आणि चीज तो वास पटकन ओढतं. पितळेची परात सुंदर दिसते पण कल्हई नसेल तर चिंचेची चटणी, लोणचं, दही थेट त्यात नको, कळकतं, काचेच्या वाटीत घालून मग परातीत ठेवा. केळीचं पान अंथरायचं असेल तर ते गॅसच्या आचेवरून सावकाश फिरवून घ्या, हिरवा रंग एकदम गडद चमकदार होतो आणि पान नरम पडतं, मग कडेला दुमडलं तरी फाटत नाही. आणि कोरडं पुसा!

आता मुख्य मुद्दा, बिस्किटांच्या जागी काय. इथे मी एकच नाव घेणार, सोलापूरची कडक भाकरी. ज्वारीची किंवा बाजरीची, पापडासारखी पातळ, पाकिटात मिळते आणि बरेच दिवस टिकते. हिचे हाताने ओबडधोबड तुकडे करायचे, सुरी लावायची नाही. त्यावर चक्क्याचं डिप, वर चिमूटभर शेंगाचटणी, बस. महागातले क्रॅकर्स यापुढे पुठ्ठा लागतात, माझं स्पष्ट मत. शिवाय खाकऱ्याचे चार-चार तुकडे, आणि वेळ असेल तर डब्याच्या झाकणाने कापलेली २ इंचांची छोटी थालीपिठं, ही गार झाली तरी चांगली लागतात.

डिपसाठी आदल्या रात्री १ लिटर दुधाचं दही मलमलच्या फडक्यात बांधून चाळणीवर ठेवा, खाली पातेलं, आणि सगळं फ्रीजमध्ये. बाहेर टांगलं तर सकाळपर्यंत आंबट होतं. ७-८ तासांत साधारण ४०० ग्रॅम चक्का निघतो. त्यात मीठ, किंचित साखर, २ मोठे चमचे मेतकूट, आणि वरून मोहरी-हिंगाची गार केलेली फोडणी. आता इथे एक गंमत आहे, मेतकूट भाजलेल्या डाळींचं असल्यामुळे पाणी पीत राहतं, कालवलं तेव्हा अगदी बरोबर वाटलेलं डिप तासाभरात इतकं घट्ट होतं की चमचा उभा राहतो. म्हणून मेतकूट शेवटी घाला, किंवा आधी घातलं तर वाढताना दोन चमचे दूध घालून सैल करा.

चीजचं म्हणाल तर माणशी ४० ग्रॅम पुरे, बाकी इतकं असतं की उरतंच. दोनच प्रकार घ्या, एक सौम्य जसं की गौडा, एक जरा तिखट चवीचं मुरलेलं चेडार. फ्रीजमधून काढल्या काढल्या थंड असतानाच कापा, सरळ तुकडे पडतात, मग झाकून ठेवा. परदेशी रेसिपीत लिहिलेलं असतं तासभर आधी बाहेर काढा, ते तिकडच्या हवेत ठीक आहे, मुंबईत-ठाण्यात १५-२० मिनिटं खूप झाली. आणि शाकाहारी मंडळी येणार असतील तर पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून घ्या कारण काही परदेशी चीजमध्ये वासराच्या जठरातून काढलेलं, दूध गोठवणारं रेनेट असतं, खाऊन झाल्यावर कळलं तर उगाच तोंडं वाकडी होतात. चेडारबरोबर काय द्यायचं विचाराल तर साखरांबा. अंजिराचा जॅम शोधत फिरू नका, आजीच्या बरणीतला साखरांबा आणि खारट मुरलेलं चीज, एकदा खाऊनच बघा. वसईची सुकेळी मिळाली तर तीही, राजेळी केळी उन्हात सुकवून करतात, चिकट, गडद, मधासारखी गोड. पातळ चकत्या करून चीजवर ठेवायच्या.

फळं मोसमाप्रमाणे. जानेवारी ते एप्रिल नाशिकची द्राक्षं, थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, आणि द्राक्षं सकाळीच धुवून पंचावर पसरून पूर्ण कोरडी होऊ द्या. मे महिन्यात हापूसचा मोह होतो पण फोडींचा रस सगळीकडे पळतो, त्यापेक्षा आंबापोळीच्या गुंडाळ्या करा. पावसाळ्यात चिरलेली फळं मी ठेवतच नाही, सुकं अंजीर, मनुका, काजू यावर भागवते. छोटी मुलं असतील तर अख्खी द्राक्षं आणि शेंगदाणे त्यांच्या हाताशी नकोत, घशात अडकतात, द्राक्षं उभी चिरून द्या.

८ जणांना गप्पांबरोबरचं खाणं म्हणून पाव किलो भाकरवडी, पाव किलो चकली किंवा कडबोळी, २ पाकिटं कडक भाकरी, ३००-३५० ग्रॅम चीज, तेवढंच डिप, अळूवडीचे दोन उंडे, अर्धा किलो फळं आणि दोन मुठी सुकामेवा एवढं मला नेहमी पुरतं. अळूवडीचे उंडे सकाळीच उकडून गार करा, गार झाल्यावरच कापा नाहीतर पदर सुटतात, आणि पाहुणे यायच्या अर्धा तास आधी तव्यावर थोड्या तेलात परतून घ्या.

मांडायचं कसं तर आधी वाट्या. तीन वाट्या, त्रिकोणात, एकमेकींपासून लांब. डिप, ठेचा, साखरांबा. मग चीज, दोन वेगवेगळ्या कोपऱ्यांत. मग वड्या, मग फळं वाट्यांच्या बाजूने, मग कडक भाकरीचे तुकडे उभे खोचून फळांपासून दूर, आणि शेवटी जिथे जिथे लाकूड दिसतंय तिथे काजू-मनुका ओता. सगळं एका घासाचं कापा, भाकरवडी मोठी असेल तर अर्धी करा. आणि सगळा माल एकदम मांडू नका, अर्धा आत डब्यात ठेवा आणि जागा रिकामी झाली की भरा, म्हणजे शेवटी येणाऱ्यालाही उकिरडा बघायला लागत नाही.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे उष्टं. तिकडे लोक एकाच वाटीत बुडवून खातात, इथे एकाने अर्धी खाल्लेली चकली डिपमध्ये पुन्हा बुडवली की बाकीचे गप्प होतात आणि ती वाटी तशीच राहते. प्रत्येक वाटीत चमचा हवाच, शेजारी छोट्या डिशचा गठ्ठा आणि टूथपिक. उपासवाला कोणी असेल तर त्याचं ताट वेगळंच ठेवा, खजूर, राजगिऱ्याचा लाडू, बटाट्याचा चिवडा, बोर्डाच्या एका कोपऱ्यात जमवू नका, एक शेव इकडून तिकडे गेली की संपलं. नॉनव्हेजही वेगळ्या पाटावर, आणि गोव्याचं चोरीस (डुकराच्या मांसाचं सॉसेज) आणलंत तर सलामीसारखं कापून तसंच ठेवू नका हं, ते कच्चं असतं, कांद्याबरोबर नीट शिजवून छोट्या पावात भरून द्या.

आणखी दोन गोष्टी. एक म्हणजे बोर्ड छान दिसला की कोणी हातच लावत नाही, सगळे फोटो काढतात आणि "अय्या मोडवत नाही गं" करत बसतात, तेव्हा पहिला तुकडा आपणच उचलायचा, जरा विस्कटून टाकायचं. दुसरी म्हणजे बोलावतानाच सांगा की जेवण आहे का नाही. मी सांगितलं नव्हतं, आणि आत्याने तासभर सगळं आवडीने खाल्लं, हात पुसले आणि शांतपणे विचारलं, "छान होतं हो, पानं कधी घ्यायची?" तेव्हापासून कुकरला मसालेभात आणि फ्रीजमध्ये मठ्ठा तयार असतो, लागला तर लागला.

डिप, चीज, चिरलेली फळं २ तासांच्या वर बाहेर नकोत, मे महिन्यात एसी नसेल तर १ तास. उरलेलं डिप आणि फळं मी ठेवत नाही. चीज किसून दुसऱ्या दिवशी थालीपिठावर, मऊ पडलेला चिवडा कढईत मंद आचेवर परतला की पुन्हा कुरकुरीत, आणि साखरांब्याच्या वाटीत मुंग्या लागल्याच असतील तर पुढच्या वेळी ती वाटी पाण्याच्या ताटलीत ठेवा.