दुकानाच्या काचेचाच पडदा

संध्याकाळी लोक साडीच्या दुकानावरून सरळ पुढे जातात, आणि मोठा एलईडी पडदा परवडत नाही. घरचा प्रोजेक्टर असेल तर काचेवरच साड्यांची चित्रं दाखवता येतात. एवढं करा:

१. काचेला आतून ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा. सुरकुती राहिली की पैठणीवरचा मोर लंगडा दिसतो!
२. प्रोजेक्टर आत, काचेकडे तोंड करून ठेवा.
३. प्रोजेक्टरच्या मेनूत प्रोजेक्शन 'रिअर' (पडद्यामागून) करा, नाहीतर बाहेरून अक्षरं उलटी दिसतात.
४. काचेजवळचे दिवे बंद.

दाराशी छोटा स्पीकर ठेवून हातमागाची खटखट हळू आवाजात लावा. विणकराकडे मोबाइलवर रेकॉर्ड केलेली चालते. सिनेमाची गाणी मात्र नकोत. दुकानात वाजवायला परवाना लागतो.

उन्हात यातलं काहीच दिसत नाही, दिवेलागणीनंतरच सुरू करा.